कालवा बंद झाला

१९५६ साली मी तळेगावात ग्रामसेविका होते. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही आणि सायकल चालवता येते. यातली शेवटची गोष्ट लोकांना सगळ्यांत जास्त खटकायची. माझं काम म्हणजे बिनधुराच्या चुली बसवणं, शोषखड्डे खणवून घेणं, लेकरांना देवी टोचून घ्यायला लावणं आणि दुपारी बायांचा अक्षरवर्ग चालवणं. चुली बायांनी आठवड्याभरात फोडल्या. शोषखड्ड्यांत कोंबड्या पडल्या. वर्ग मात्र चालला, आणि त्याचं श्रेय माझ्या शिकवण्याला नाही, वर्तमानपत्राला आहे.

नागपूरचं वर्तमानपत्र मोटारीने एक दिवस शिळं होऊन यायचं. मोटार स्टँडवरचा चहावाला ते विकत घेई. स्टँडवरच्या लोकांचं ते वाचून आणि न वाचताच त्यावर बोलून झालं, की चहाचे डाग घेऊन दुपारी माझ्याकडे येई. मी ते सायकलला अडकवून गावकुसाबाहेरच्या वस्तीत न्यायची. वर्ग भरायचा वस्तीतल्या एका पंचाच्या घरापुढच्या छपरीत. वीस बाया बसतील एवढी जागा दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पाटीवर गिरवून कंटाळलेल्या बाया बातम्या ऐकायला थांबायच्या. पंच स्वतः खाटेवर आडवे होऊन, डोळे मिटून ऐकायचे. त्यांची सून त्यांना मामाजी म्हणे; इथे मीही तेच म्हणते.

मामाजींचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर ते दहा जणांना विचारल्याशिवाय कोणतीही गोष्ट ठरवत नसत. बैल घ्यायचा असो की छपरीवर कवेलू टाकायचे असोत, आधी स्टँडवर जायचं, चहावाल्याला विचारायचं, शिंप्याला विचारायचं, किराणा दुकानदाराला विचारायचं, आणि जिकडे जास्त माणसं तिकडे आपण. लोक हसत, पण मला त्यात वावगं वाटत नसे. सरकारंही तेच करतात, फक्त त्याला परिषद म्हणतात.

ही सून माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार बाई. नवरा पलटणीत, सागरला. वस्तीत तिला फौजीण म्हणत. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि नवरा सुट्टीवर येई तेवढाच काय तो संसार. त्या पावसाळ्यात सुट्टीवर आलेल्या शेजारगावच्या एका शिपायाने निरोप आणला की नवऱ्याला कुटुंबाचं क्वार्टर मिळालं आहे. एक खोली, पुढे ओटा. पण दिवाळीनंतर साहेब पाहणी करणार. खोली रिकामी दिसली तर ती रांगेतल्या पुढच्याला जाणार, आणि मग पुन्हा नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. फौजिणीला जायचं होतं. तिने तसं स्पष्ट सांगितलं, रडली वगैरे नाही.

मामाजी स्टँडवर गेले आणि परत येऊन म्हणाले की लढाई होणार आहे असं लोक म्हणतात, तेव्हा सध्या नको.

लढाईचं प्रकरण असं होतं. त्याच सुमारास इजिप्तने सुवेझ कालवा आपल्या ताब्यात घेतला होता. इंग्रज आणि फ्रेंच चिडले होते, लंडनमध्ये बैठका चालल्या होत्या, आणि कोण कुणाच्या बाजूने उभा राहील याचा हिशेब जगभर मांडला जात होता. तळेगावही त्यात मागे नव्हतं. चहावाला म्हणे रशिया मधे पडला की इंग्रजाची हिंमत होणार नाही. शिंप्याने लहानपणी इंग्रज साहेबाचे कोट शिवलेले, तो म्हणे इंग्रज एकटा कधी लढत नाही, आधी सोयरे गोळा करतो. दुकानदाराला फक्त साखर महागेल की नाही एवढंच जाणून घ्यायचं होतं. आणि आपण? आपण इजिप्तच्या बाजूने, पण लढाईच्या विरुद्ध, असं पेपरात छापून येई. शिंपी म्हणे हे म्हणजे वऱ्हाडात जायचं पण जेवायचं नाही.

मामाजी रोज सगळ्यांचं ऐकून येत. ज्या दिवशी रशियाचं पारडं जड, त्या दिवशी सुनेला पाठवू म्हणत. ज्या दिवशी इंग्रजाची जहाजं निघाली, त्या दिवशी नको म्हणत. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फौजिणीचं बोचकं असं बांधलं आणि सोडलं जात होतं.

आता एक शब्द सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर फिरलं. आमच्याकडे पाण्याचा जो पाट खणतात त्याला नहर म्हणतात. कालवा म्हणजे गलका, आरडाओरडा. लेकरं दंगा करायला लागली की आई म्हणते, काऊन कालवा करून राह्यले रे. मी पहिल्यांदा पेपर वाचताना म्हटलं की सुवेझ कालव्यावरून लढाईचा धोका आहे, तेव्हा एका म्हातारीने शांतपणे विचारलं, "येवढा कालवा केला कोनं?" सगळ्या हसल्या. मी विटकरीच्या तुकड्याने जमिनीवर दोन समुद्र काढले, मधे एक रेघ ओढली आणि सांगितलं की हा कालवा म्हणजे आपली नहर, जहाजं जातील एवढी मोठी. फौजीण अगदी पुढे बसली होती. तिने रेघेवर बोट फिरवून विचारलं की इथून माती टाकून बुजवली तर. मी म्हटलं, तर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातील. तिला पटलं.

मामाजी त्या दिवशी आर्वीला कोर्टाच्या तारखेला गेले होते. पुढचे तीन महिने ते खाटेवरून ऐकत राहिले ते त्यांच्या अर्थाने. हे आम्हाला कुणालाच कळलं नाही, आणि कळणार तरी कसं? 'कालव्यावरून तणाव वाढला.' 'कालव्याचा प्रश्न चिघळला.' 'कालव्याबाबत तडजोड नाही.' गलक्यावरून तणाव वाढतोच. वाक्य कुठेही अडत नव्हतं.

खरी अडचण लढाई नव्हती. खरी अडचण सासू होती, आणि तिच्याही बाजूला तथ्य होतं. घरचं दोन एकर आणि दुसऱ्यांची शेतं, दिवाळीनंतर सगळीकडे कापूस फुटतो. फौजीण दोन्ही हातांनी वेचायची. वस्तीत तिच्याइतका हात कुणाचा चालत नव्हता. अशी सून ऐन वेचणीत सागरला पाठवणं म्हणजे घरचा बैल पेरणीत दुसऱ्याला देणं. पण असं तोंडाने म्हटलं तर सासू वाईट ठरते. लढाईचं निमित्त मिळालं, ते तिने धरून ठेवलं. ती स्वतः काही बोलत नसे. मामाजी स्टँडवरून आले की फक्त विचारायची, "आज काय म्हन्ते लढाई?" आणि भाकरी थापायला बसायची.

फौजिणीने हे माझ्या आधी ओळखलं होतं. तिने लढाईवर वाद घातलाच नाही. ती एकेकीकडे जाऊन पाठिंबा गोळा करू लागली. पाठिंबा फुकट मिळत नाही हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. थोरल्या जावेला तिने आपली आतली खोली देऊ केली. जाऊ पाच लेकरांसकट स्वयंपाकघरात निजत होती. जावेने लगेच पक्ष बदलला. वर्गातल्या चौघी आळीपाळीने तिच्या वाटची तास, म्हणजे कापसाची ओळ, वेचायला तयार झाल्या. एकीची स्वतःची लेक अशाच कारणाने नवऱ्यापासून दूर सासरी पडून होती, म्हणून ती. दुसरीला तिने पावसाळ्यात शेत निंदायला मदत केली होती, म्हणून ती. तिसरी बहिणीसारखी. चौथीला फक्त आत्याबाई, म्हणजे फौजिणीची सासू, एकदा हरलेली पाहायची होती. चौथीचा पाठिंबा सगळ्यांत पक्का होता.

मग ती माझ्याकडे आली. माझ्या साहेबांनी मला बजावून ठेवलं होतं की लोकांच्या घरगुती भानगडीत पडायचं नाही, आणि ते बरोबरही होतं; छपरी मामाजींची, उद्या ते म्हणाले उठा, तर माझा वर्ग उन्हात. मी तिला तसं सांगितलं. जाऊ बरोबर होती. ती म्हणाली की बाईंनी काही बोलायची गरजच नाही, लढाईच्या बातम्या तेवढ्या गाळून वाचाव्या, म्हणजे म्हातारा आपोआप हो म्हणेल. मला ही युक्ती वाईट वाटली नाही, खोटं कशाला बोलू. फौजिणीनेच ती मोडून काढली.

"गाळू नका, बाई," ती म्हणाली. "जे लिवलं हाय तेच वाचा. मले चोरून नाई जायचं."

त्या दसऱ्याला सारी वस्ती नागपूरला जाऊन आली. बाया पांढऱ्या लुगड्यांत गेल्या, बौद्ध होऊन आल्या. घराघरांतले देव्हारे निघाले, भिंती नव्याने पांढऱ्या झाल्या. दिवाळीत वस्तीत पणत्या लागल्या नाहीत, आणि बायांना त्याचं काही कमी वाटल्याचं मला दिसलं नाही. मी सणाला वर्ध्याला घरी गेले होते. आमचं तिथे कापडाचं दुकान. भाऊबीज होईपर्यंत आईने सोडलं नाही. त्याच आठवड्यात आमचे जिल्हे मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. कुणी घरातून हललं नाही आणि सगळे दुसऱ्या राज्यात जाऊन पोचले. सागर मात्र मागे मध्यप्रदेशातच राहिलं. म्हणजे फौजिणीला आता परराज्यात जायचं होतं.

परत येताना मी वर्ध्याच्या स्टेशनवर वर्तमानपत्र घेतलं. तळेगावात दिवाळीच्या सुट्टीमुळे तीन दिवस पेपर आलाच नव्हता, आणि गावातल्या एकुलत्या एक रेडिओची बॅटरी उतरली होती. स्टँडला जगाची काहीही खबर नव्हती. मी सामान खोलीवर टाकलं आणि तशीच वस्तीत गेले.

वर्ग भरला. मी पेपर फौजिणीच्या हातात दिला. मोठ्या अक्षरातली ओळ तिला आता वाचता येत होती. तिने बोट ठेवून, एकेक अक्षर सोडवत, मोठ्याने वाचलं: सुवेझ. कालवा. बंद.

मामाजी खाटेवर उठून बसले. म्हणाले, "बंद झाला? कालवा?"

"हो, बंद झाला," एक म्हातारी म्हणाली. तिनेही गलका असाच अर्थ घेतला होता.

मामाजींनी पायांत वहाणा सरकवल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. "मंग झालं त. मिटलं सारं. जाय तू सागरले," असं सुनेला म्हणून ते निघालेसुद्धा. स्टँडवर रोज ऐकायला जाणारा माणूस त्या दिवशी प्रथमच सांगायला चालला होता.

जावेने फौजिणीला चिमटा काढला. चौथी बाई तोंडाला पदर लावून हसत होती. सासू दारात भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन उभी, आणि ती काही बोलू शकत नव्हती, कारण लढाई मिटली होती. फौजीण तेवढी पेपराकडे बघत होती. तिने तो माझ्याकडे सरकवला आणि खालचं बारीक अक्षर वाचायला सांगितलं. मी वाचलं. विमानांनी बाँब टाकले होते. कालव्यात जहाजं बुडवली होती, म्हणून तो बंद होता. लढाई मिटली नव्हती. सुरू झाली होती.

जावेने हळूच विचारलं की हे मामाजींना सांगायलाच पाहिजे का. फौजिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सल्ला दिला नाही. जायचं तिला होतं आणि राहिली तर त्या घरात तिलाच राहायचं होतं. मी एवढंच केलं की मामाजी येईपर्यंत वर्ग सोडला नाही. एरवी उन्हं छपरीच्या खांबावर आली की मी बायांना उठवायची. त्या दिवशी मी फळ्यावर एक लांबलचक उतारा लिहिला आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला. त्यांना कळलं. कुणी कुरकुरलं नाही.

मामाजी पान खाऊन आले. स्टँडवर त्यांचा मोठाच मान झाला असावा, कारण चहावाल्याने पैसे घेतले नाहीत हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. फौजीण उठून उभी राहिली. पदर नीट केला.

"मामाजी, कालवा म्हंजे गलका नाई," ती म्हणाली. "कालवा म्हंजे नहर. नहर बंद झाली. लढाई चालू झाली."

मामाजी पान चघळायचे थांबले. मग त्यांनी फार रास्त प्रश्न विचारला. "मंग तू सांगतं काऊन? मी त जाय म्हनलो होतो."

"तुमी चुकीच्या शब्दावर हो म्हनलं. उद्या कोनी खरं सांगतलं, त तुमी मले अर्ध्या वाटेतून वापस आनसान. मले वापस नाई यायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की ती म्हणते ते खरं आहे. ते खाटेवर बसले. मग त्यांनी कोण कुणाशी लढतंय ते विचारून घेतलं, आणि सांगितलं तिनेच, मी नाही. आपण कुणाकडून, असं त्यांनी विचारलं. आपण लढत नाही, सगळ्यांना थांबा म्हणतो, ती म्हणाली. नहर किती लांब आहे? आगगाडी जात नाही इतकी. सागरच्या पलटणीला तिकडे बोलावलं आहे का? पेपरात तसं काही नाही. आलं तर तेही वाचून दाखवीन, मी म्हटलं.

इतक्यात दारातून सासू बोलली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिने लढाई बाजूला ठेवली.

"नहर गेली खड्ड्यात. कापूस कोन वेचन?"

छपरीत जो आवाज झाला त्याला तळेगावच्या अर्थाने कालवाच म्हणायला हवं. चौघी एकदम बोलायला लागल्या, कुणी कोणती तास घ्यायची, कोणत्या दिवशी, कुणाच्या शेतात. जाऊ म्हणाली की स्वयंपाक ती बघेल, तिची थोरली पोरगी पाणी भरेल. सासूने एकेकीकडे वळून पाहिलं. चौथीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"म्हंजे तुमी आंधीच ठरवून बसल्या," ती म्हणाली.

"तुमी आमाले इचारलंच कुठं, आत्याबाई?" चौथी म्हणाली.

आणि मग मामाजींनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं, फक्त जागा वेगळी होती. त्यांना निर्णय घ्यायचा होता आणि भोवती माणसं होती. तीन महिने ते यासाठी स्टँडवर जात होते. आज त्यांनी छपरीकडे पाहून विचारलं, "तुमा साऱ्याईचं काय म्हननं हाय?"

पाठवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. विरुद्ध एकच मत होतं, आणि ते दारात उभं होतं. मामाजींनी तिकडे पाहिलं. सासू काही गप्प बसून हरणारी बाई नव्हती. तिने अटी घातल्या: वेचणीत एक दिवस जरी बाया कमी पडल्या तर सुनेला बोलावून घेणार, आणि पावसाळ्यात डवरणीला, पिकातलं तण काढायला, तिने यायचंच, पलटण असो की नसो. फौजिणीने डवरणीची अट लगेच मान्य केली. पहिली अट चौघींनी मान्य केली, ती अंगावर घेऊन.

मामाजींपुढे अजून एक संकट होतं. स्टँडवर ते लढाई मिटल्याचं सांगून आले होते, आणि फुकटचा चहा पिऊन आले होते. मला वाटलं आता चार दिवस तिकडे फिरकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून जाताना पाहिलं तर ते चहावाल्याच्या बाकावर मधोमध बसलेले, आणि शिंप्याला सांगत होते, "कालवा म्हंजे नहर, येवढं मालूम नाई? मंग पेपर कायले वाचता?" शिंपी ऐकून घेत होता.

चार दिवसांनी सासरा आणि सून मोटारीने आर्वीमार्गे वर्ध्याला गेले, वर्ध्याहून पुढे रेल्वे. बोचक्यात सासूने तुरीची डाळ आणि वाळलेल्या मिरच्या बांधल्या होत्या. तोवर पेपरात लढाई थांबल्याची बातमीही आली. नहर बंदच होती, पण गलकाही बंद झाला. म्हणजे मामाजींचा अर्थ थोडा उशिरा का होईना खरा ठरला, आणि हे त्यांनी मला मोटारीच्या खिडकीतून मुद्दाम सांगितलं. मी नाकारलं नाही.

वेचणी चालू राहिली. चौघींपैकी एकही दिवस कुणी चुकली नाही. सासूने चुकू दिलंच नसतं, ती पहाटे त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची.

मामाजी आठवड्याने परत आले. वर्ग बसला होता. स्टँडवरचे दोघेतिघेही मुद्दाम वस्तीत आले होते, कारण लढाईचं खरं काय ते फौजेच्या गावात जाऊन आलेल्या माणसालाच ठाऊक असणार. त्यांनी विचारलं की तिकडे पलटणीत काय बोलतात, रशिया उतरणार की नाही.

"तिथं लढाईचं कोनी बोलतच नाई," मामाजी वहाणा काढत म्हणाले. "नळाले पानी कवा येते, येवढंच बोलतेत."

दारातून सासूने सुनेबद्दल विचारलं, "आन ते?"

"ते नळावर सगळ्याईच्या आंधी उभी राह्यते."

सासूने आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.